प्रवासासाठी हँडीकॅम निवडताना

मराठीत कोणत्याही लहान व्हिडिओ कॅमेऱ्याला हँडीकॅम म्हणतात. मुळात हे सोनी कंपनीच्या कॅमेऱ्यांचे नाव असून ते १९८५ पासून वापरात आहे. १९८९ साली याच कंपनीने आणलेल्या टीआर५५ या मॉडेलची जपानमध्ये पासपोर्टएवढा कॅमेरा म्हणून जाहिरात झाली होती आणि त्याचे वजन होते ७९० ग्रॅम. आज त्याच घराण्यातला सीएक्स४०५ बॅटरीसकट साधारण २१५ ग्रॅम भरतो, म्हणजे मोठ्या पडद्याच्या मोबाइलइतकाच. त्यामुळे वजन हा आता अडचणीचा मुद्दा राहिलेला नाही. मोबाइल खिशात असताना हे दुसरे यंत्र कशासाठी घ्यायचे, हे मात्र आधी नक्की करावे लागते.

दिवसभराच्या भटकंतीत दहा-दहा सेकंदांचे तुकडे टिपून ते संध्याकाळी नातेवाइकांना पाठवायचे असतील, तर हँडीकॅमची गरज नाही. चांगला मोबाइल ते काम अधिक सोपेपणाने करतो आणि उजेड कमी असेल तेव्हा तर स्वस्त हँडीकॅमपेक्षा सरस ठरतो. हँडीकॅमचे क्षेत्र वेगळे आहे. दूरचे जवळ आणायचे असेल, तास-दोन तास सलग चित्रण करायचे असेल किंवा एका हाताने कॅमेरा धरून दुसऱ्या हाताने जीपचा दांडा पकडायचा असेल, तेव्हा तो कामाला येतो. ताडोबाच्या सफारीत मोबाइल नेण्यास बंदी आहे, कॅमेरा मात्र शुल्क भरून नेता येतो; तिथे पन्नास-साठ मीटरवर पाणवठ्याशी बसलेला वाघ टिपायला भिंगाचा लांब झूमच लागतो. सलग चित्रणाचेही तसेच आहे. अनेक डिजिटल स्टिल कॅमेरे वर्षानुवर्षे २९ मिनिटे ५९ सेकंदांवर चित्रण आपोआप थांबवत आले. त्याचे एक मोठे कारण युरोपातील जकात हे होते. सलग ३० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ चित्रण करणारे यंत्र तिथे व्हिडिओ कॅमेरा मानले जाई आणि त्यावर जकात बसे. हँडीकॅम जन्मतःच व्हिडिओ कॅमेरा असल्यामुळे त्याला ही मर्यादा कधी नव्हती. कथकलीचा प्रयोग किंवा गंगाआरती अखंड टिपायची असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

खोक्यावर सर्वात ठळक अक्षरांत झूमचा आकडा असतो, त्याखाली मेगापिक्सेल. प्रवासात उपयोगी पडणाऱ्या गुणांचा क्रम नेमका उलटा आहे. पहिल्यांदा कॅमेरा थरथर किती शोषतो ते पाहावे, मग भिंग किती रुंद पाहते ते, मग आवाज, मग कमी उजेडातली कामगिरी. झूम त्यानंतर येतो. मेगापिक्सेलकडे तर पाहिलेच नाही तरी चालते, कारण फुल एचडी चित्राला जेमतेम २१ लाख आणि फोरके चित्राला ८३ लाख बिंदू लागतात.

थरथर शोषण्याचे दोन प्रकार आहेत. एकात भिंगाचा एक भाग प्रत्यक्ष हलतो आणि हाताच्या हालचालीच्या विरुद्ध दिशेने सरकून चित्र जागेवर ठेवतो. याला ऑप्टिकल स्थिरीकरण म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात आणि उरलेले चित्र सॉफ्टवेअर मागेपुढे सरकवून जुळवून घेते. हा इलेक्ट्रॉनिक प्रकार भर उन्हात चांगला चालतो. संध्याकाळी तो फसतो, कारण उजेड कमी झाला की प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी राहते, हात हलल्यावर ती चौकटच पुसट होते आणि पुसटलेली चौकट कितीही सरकवली तरी स्वच्छ होत नाही. म्हणून ऑप्टिकल स्थिरीकरण नसलेला हँडीकॅम प्रवासासाठी घेऊ नये. यात तडजोडीला जागा नाही. सोनीच्या एएक्स४३ सारख्या वरच्या मॉडेलमध्ये भिंग आणि सेन्सर मिळून अख्खा संच तरंगता ठेवलेला असतो. कॅमेरा हातात तिरका केला की भिंग डोळ्यासारखे उलट फिरताना दिसते. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे अशा ठिकाणी सामान्य प्रवाशाला हातावरच भिस्त ठेवावी लागते. तिथे ही सोय फार मोलाची ठरते.

मात्र हाताची थरथर वेगळी आणि पावलांचा हिसका वेगळा. चालता चालता केलेल्या चित्रणात दर पावलाला चित्र खालीवर होते. ते कुठलाही हँडीकॅम पूर्णपणे थांबवू शकत नाही. बाजारात किंवा गडाच्या पायवाटेवर चालत बोलण्याचे व्हिडिओच मुख्यतः करायचे असतील, तर हँडीकॅमऐवजी तीन अक्षांवर फिरणाऱ्या गिंबलवर बसवलेला कॅमेरा घ्यावा. डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ हे त्याचे ठळक उदाहरण. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला हा कॅमेरा १७९ ग्रॅमचा असून त्याला एक इंच प्रकारचा सेन्सर आहे. त्याला ऑप्टिकल झूम मात्र नाही, त्यामुळे दूरचा पक्षी त्याच्या आवाक्याबाहेर राहतो.

थरथरीशी गल्लत होणारा आणखी एक दोष आहे. कोकण रेल्वेच्या खिडकीतून चित्रण केले की रुळालगतचे विजेचे खांब तिरके झालेले दिसतात. सेन्सर चित्र वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचतो; तेवढ्या वेळात गाडी पुढे सरकते, म्हणून खांबाचा माथा एका जागी आणि पायथा दुसऱ्या जागी उमटतो. बहुतेक सर्व मॉडेलांमध्ये हे कमीअधिक प्रमाणात होते. कॅमेरा दूरच्या डोंगरावर रोखला तर ते खटकत नाही.

भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगितली जाते आणि तुलनेसाठी ३५ मिलिमीटर फिल्मचा हिशेब धरतात. आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद. सीएक्स४०५ आणि एएक्स४३ हे दोन्ही २६.८ मिलिमीटरपासून सुरू होतात, पॅनासॉनिकचा व्ही१८० हा २८ पासून. २००५ च्या आसपासचे बरेच हँडीकॅम ४० किंवा त्याहून वरच्या आकड्यापासून सुरू होत. त्यांनी देवळाच्या सभामंडपात उभे राहून चित्रण केले की दोन खांब आणि मधली घंटा एवढेच मावे. रायगडाच्या रोपवेच्या पाळण्यात, हॉटेलच्या खोलीत किंवा हाउसबोटीवर मागे सरकायला जागा नसते. तीस मिलिमीटरच्या आतून सुरू होणारे भिंग असावे, ही किमान अट ठेवावी.

झूमच्या बाबतीत फक्त ऑप्टिकल आकडा वाचावा. सीएक्स४०५ चा ऑप्टिकल झूम ३० पट आहे, डिजिटल ३५० पट. व्ही१८० चा ऑप्टिकल ५० पट असून त्याला ९० पटीचा आणखी एक सुधारित झूम दिलेला आहे. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा ताणून मोठा करणे. त्यातून नवा तपशील मिळत नाही. शिवाय झूम शेवटपर्यंत नेल्यावर नाडीचे ठोकेही चित्रात उमटतात, म्हणून वीस-तीस पटींच्या पुढच्या झूमचा उपयोग टेका असेल तरच होतो. सफारीला जाताना जाड कापडाची पिशवी शिवून तिच्यात अर्धा किलो हरभऱ्याची डाळ सैलसर भरावी आणि जीपच्या दांड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवावा. ट्रायपॉड उघडायला जागा नसलेल्या जीपमध्ये याहून चांगला टेका मिळत नाही. मे महिन्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि दूरचे चित्र पाण्याखालचे वाटते. त्यावर पन्नास पटींचा झूमही इलाज नाही, पहाटेची फेरी हाच इलाज.

कमी उजेडाचा प्रश्न सेन्सरच्या आकारावर येऊन थांबतो. सेन्सरचे माप इंचाच्या अपूर्णांकात देतात, आणि ही मापे जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या काळातली असल्यामुळे प्रत्यक्ष आकार त्याहून बराच लहान असतो. एक इंच प्रकारचा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा भरतो. सीएक्स४०५ आणि व्ही१८० यांचा सेन्सर १/५.८ इंच प्रकारचा, एएक्स४३ चा १/२.५ इंच प्रकारचा. अपूर्णांकातला खालचा आकडा जितका मोठा, तितका सेन्सर लहान आणि तितका तो अंधारात दुबळा. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि भित्तिचित्रांच्या हितासाठी ती योग्यच आहे. तिथल्या मंद उजेडात १/५.८ इंचाचा सेन्सर चित्रावर सळसळणारे दाणे आणतो, पद्मपाणीच्या चेहऱ्यावरची रेषा त्यात हरवते. लेणी, देवळांचे गाभारे, रात्रीचे घाट हा ज्यांच्या प्रवासाचा मुख्य भाग आहे, त्यांनी झूम कमी असला तरी मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यावा. समुद्रकिनारे, अभयारण्ये आणि दिवसाउजेडी डोंगरयात्रा असतील तर लहान सेन्सर पुरतो आणि पैसेही वाचतात.

आवाजाकडे खरेदीच्या वेळी कोणी लक्ष देत नाही, आणि घरी आल्यावर सर्वात जास्त हळहळ त्याचीच होते. कोकणकड्यावर उभे राहून केलेल्या चित्रणात दरीऐवजी माइकवर आपटणाऱ्या वाऱ्याची घरघर तेवढी ऐकू येते. कॅमेऱ्याच्या मेन्यूतली वारा-रोध सोय थोडी मदत करते, पण खरा उपाय म्हणजे माइकच्या जाळीवर लावायची केसाळ टोपी. तीही न मिळाल्यास मऊ, केसाळ कापडाचा तुकडा चिकटवला तरी फरक पडतो. ज्यांना प्रवासात बोलायचे आहे, कुणाची मुलाखत घ्यायची आहे, त्यांनी ३.५ मिलिमीटरची माइकची खाच असल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये. सीएक्स४०५ ला ती नाही, एएक्स४३ ला आहे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत असा फरक असतो, म्हणून कंपनीच्या नावावर विसंबू नये.

दुसरी अडचण मोठ्या आवाजाची. कॅमेरा आवाजाची पातळी आपोआप ठरवतो. ढोल-ताशाच्या पथकासमोर उभे राहिल्यावर पहिल्या ठोक्याला तो पातळी एकदम खाली ओढतो आणि दोन ठोक्यांमधल्या शांततेत पुन्हा वर नेतो. ऐकताना आवाज श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि बसतो. पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीचे चित्रण ज्यांनी जुन्या कॅमेऱ्यावर केले आहे त्यांना हे ओळखीचे असेल. माइकची पातळी हाताने ठरवण्याची सोय मेन्यूत असेल तर हा दोष टळतो. दुकानात मेन्यू उघडून ती आहे की नाही हे पाहायला अर्धे मिनिट लागते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कॅमेरा मागवण्याची पद्धत अनेक मराठी घरांत आहे. त्यात एक मेख आहे. तिथे विकले जाणारे बरेच हँडीकॅम सेकंदाला ३० किंवा ६० चौकटी टिपतात, भारतातले २५ किंवा ५०. भारतात वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. ६० चौकटींचा मेळ त्याच्याशी बसत नाही, म्हणून घरातल्या किंवा सभागृहातल्या चित्रणात उजेड लुकलुकतो. शटरचा वेग हाताने १/१०० सेकंदावर ठेवता येत असेल तर लुकलुक थांबते. ती सोय नसलेल्या स्वस्त मॉडेलवर काही उपाय राहत नाही. परदेशी कॅमेऱ्याची हमीही भारतात लागू होईलच असे नाही. दुरुस्तीचा प्रश्न लक्षात घेता इथला कॅमेरा इथेच घेणे शहाणपणाचे.

फोरके घ्यावे की फुल एचडी? घरातल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहण्यासाठी सेकंदाला ५० पूर्ण चौकटींचे फुल एचडी चित्रण उत्तम दिसते. मेन्यूत ५०पी आणि ५०आय असे दोन पर्याय असतील तर ५०पी निवडावा, कारण ५०आय मध्ये चौकट दोन अर्ध्यांत विभागलेली असते आणि धावत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात. फोरकेचा खरा फायदा संकलनात होतो: चौपट बिंदू असल्यामुळे नंतर चित्राचा एखादा भाग कापून मोठा करता येतो. पण त्याचा बोजा कार्डावर आणि संगणकावर पडतो. सेकंदाला ५० मेगाबिटच्या फुल एचडी चित्रणाला तासाला २२.५ जीबी जागा लागते, १०० मेगाबिटच्या फोरकेला ४५ जीबी. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर पहिले पावणेतीन तास मावते, दुसरे दीड तासही नाही. रोज तासभर चित्रण करत आठ दिवस फिरले तर फुल एचडीलाच १८० जीबी होतात. जुना लॅपटॉप फोरके चित्र अडखळत दाखवू शकतो, तेव्हा कॅमेऱ्याबरोबर संगणकाचाही खर्च मनात धरावा. कार्डावर व्ही३० किंवा यू३ अशी खूण असली की ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहू शकते. लहान हँडीकॅमला तेवढे भरपूर होते. एक मोठे कार्ड घेण्यापेक्षा दोन-तीन मध्यम आकाराची घ्यावीत, म्हणजे एखादे बिघडले तरी सगळी सहल बुडत नाही.

बॅटरी कॅमेऱ्याच्या पोटात बसते की पाठीवर, हे पाहून घ्यावे. सीएक्स४०५ ची बॅटरी आत बसते, त्यामुळे तिथे त्याच मापाची दुसरी बॅटरी बाळगणे एवढाच मार्ग राहतो. एएक्स४३ ची बॅटरी बाहेर पाठीला लागते, म्हणून तिथे अधिक क्षमतेची जाड बॅटरी बसवता येते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि तिथल्या थंडीत बॅटरी मैदानापेक्षा लवकर उतरते; जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवावी. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत, त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, आणि हँडीकॅमच्या बॅटऱ्या ३० वॅट-तासांच्या आतच असतात.

पडद्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. तो बाजूला उघडून पुढे वळावा, म्हणजे स्वतःलाही चौकटीत पाहता येते. भर दुपारी किनाऱ्यावर मात्र पडदा काळाठिक्कर दिसतो, आणि तिथे डोळा लावून पाहायची खिडकी कामाला येते. ती फार थोड्या मॉडेलांना उरली आहे.

पावसाळ्यातला प्रवास महाराष्ट्रात टळत नाही. पाण्याखाली चालणारे हँडीकॅम जेव्हीसीने एव्हेरिओ मालिकेत काढले होते, पण आता पाण्यात उतरायचे असेल तर ॲक्शन कॅमेराच घ्यावा. साध्या हँडीकॅमला पावसापेक्षाही दमट हवा जास्त घातक असते. एसी डब्यातून रत्नागिरीच्या फलाटावर उतरताच कॅमेरा बाहेर काढला तर गार भिंगावर वाफ धरते. पिशवीची चेन बंद ठेवून अर्धा तास थांबावे. चार महिने कपाटात पडून राहणाऱ्या कॅमेऱ्याच्या भिंगात बुरशी धरते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात तो ठेवावा.

ऑनलाइन बाजारात सध्या एक फसवी जात बोकाळली आहे. अनोळखी नावाचा, पोत्याने सामान सोबत देणारा कॅमेरा: ४८ मेगापिक्सेल, फोरके, १६ पट झूम, रिमोट, माइक, दोन बॅटऱ्या, आणि किंमत नामांकित कंपनीच्या निम्म्याहून कमी. वर्णन नीट वाचले की तो १६ पट झूम डिजिटल असल्याचे कळते. भिंग एकाच जागी पक्के बसवलेले असते, ऑप्टिकल स्थिरीकरण नसते आणि फोरके हे बहुधा लहान चित्र फुगवून तयार केलेले असते. मध्यम किमतीचा मोबाइलही याहून चांगले चित्र देतो. वर्णनात ‘ऑप्टिकल’ हा शब्द झूम आणि स्थिरीकरण या दोन्हींच्या आधी नसेल तर पुढे वाचूच नये.

जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी साठवण कशावर होते ते आधी विचारावे. मिनी डीव्ही कॅसेटचे कॅमेरे चित्राला वाईट नसतात, पण ती कॅसेट संगणकात उतरवण्यासाठी लागणारी फायरवायर जोडणी नव्या लॅपटॉपला नसते. हार्ड डिस्कवर साठवणाऱ्या हँडीकॅमची अडचण वेगळीच आहे. त्या डिस्कचे टोक हवेच्या पातळ थरावर तरंगते. हवा विरळ झाली की ते डिस्कला घासू शकते. म्हणून त्या कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत, मॉडेलप्रमाणे, ३,००० किंवा ५,००० मीटरच्या वर कॅमेरा चालू करू नये असा इशारा असे. केदारनाथ सुमारे ३,५८३ मीटरवर आहे आणि खारदुंग ला ५,३०० मीटरच्याही वर. हिमालयात न्यायचा कॅमेरा कार्डावरच साठवणारा असला पाहिजे.

मॉडेल नक्की झाल्यावर स्वतःचे कार्ड खिशात घालून दुकानात जावे. पडदा उघडल्यापासून चित्रण सुरू होईपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजावे. झूम पूर्ण ताणून, कोपर पोटाशी टेकवून, रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी अर्धे मिनिट टिपावी. मग दुकानातला सर्वात अंधारा कोपरा टिपावा, दारापासून गल्ल्यापर्यंत चालत यावे, टाळी वाजवावी आणि लगेच कुजबुजावे. झूमची खिटी हळू सरकवून चित्र सावकाश पुढे जाते की उड्या मारते ते पाहावे. दोन मॉडेलांची हीच परीक्षा एकाच कार्डावर घेऊन ती घरी टीव्हीवर पाहिली की पाटीवरची अक्षरे स्थिर आहेत का आणि अंधाऱ्या कोपऱ्यात दाणे किती आहेत ते उघड दिसते. दुकानदार कार्ड घालू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.

खरेदी प्रवासाच्या आदल्या आठवड्यात करू नये. किमान तीन आठवडे आधी कॅमेरा घरी आणावा, बिलावर त्याचा अनुक्रमांक आणि भारतातील हमीचा उल्लेख आहे हे तपासावे, आणि एक अख्खा रविवार जवळच्या गडावर किंवा बाजारात तो चालवून पाहावा. बॅटरी प्रत्यक्षात किती वेळ चालते ते त्याच दिवशी कळते, आणि दुसरी बॅटरी मागवायला तेव्हा पुरेसा वेळ हातात असतो.